इंकजेट प्रिंटरच्या शाईचा खर्च

इंकजेट प्रिंटरच्या शाईचा खर्च म्हणजे इंकजेट पद्धतीचा प्रिंटर वापरताना शाईच्या कार्ट्रिजवर किंवा सुट्या शाईवर वारंवार करावा लागणारा खर्च होय. घरगुती वापराचे अनेक इंकजेट प्रिंटर अल्प किमतीत विकले जातात. परंतु त्यांची कार्ट्रिजे यंत्राच्या मानाने महाग असतात. त्यामुळे काही वेळा कार्ट्रिज बदलल्यानंतर शाईचा एकूण खर्च मूळ यंत्राच्या किमतीएवढा किंवा त्याहून अधिक होऊ शकतो. या किंमत-रचनेवरून अनेक देशांत ग्राहक, कार्ट्रिजचे पुनर्भरण करणारे व्यावसायिक आणि प्रिंटर उत्पादक यांच्यात वाद झाले आहेत.

पार्श्वभूमी

इंकजेट प्रिंटरमध्ये अतिसूक्ष्म छिद्रांतून शाईचे थेंब कागदावर फेकले जातात. एक थेंब काही पिकोलिटर आकारमानाचा असतो; एक पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा एक लाख कोटीवा भाग. थेंब फेकण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. औष्णिक पद्धतीत शाई क्षणार्धात तापवून वाफेचा बुडबुडा तयार केला जातो व त्याच्या दाबाने थेंब बाहेर पडतो. दाबविद्युत पद्धतीत विद्युत दाबामुळे आकार बदलणाऱ्या स्फटिकाच्या साहाय्याने थेंब ढकलला जातो.

औष्णिक पद्धतीचे तत्त्व कॅनन कंपनीतील संशोधक इचिरो एंडो यांना १९७७ साली आढळले. तापलेली डाख देण्याची कांडी शाईने भरलेल्या पिचकारीच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली, या प्रसंगातून त्यांना ही कल्पना सुचली. ह्यूलेट-पॅकार्ड (एचपी) कंपनीनेही याच सुमारास हे तंत्र स्वतंत्रपणे विकसित केले. तिने १९८४ साली थिंकजेट हा प्रिंटर बाजारात आणला. त्यात शाईची साठवण आणि थेंब फेकणारे मुद्रण-शीर्ष हे दोन्ही एकाच टाकाऊ कार्ट्रिजमध्ये होते. छिद्रे बुजली तरी कार्ट्रिज बदलताच नवे शीर्ष मिळे, हा या रचनेचा मोठा लाभ होता. मात्र त्यामुळे ग्राहकाला प्रत्येक वेळी शाईबरोबर शीर्षाचीही किंमत मोजावी लागू लागली. एप्सन कंपनीच्या दाबविद्युत प्रिंटरांत शीर्ष यंत्रातच कायम बसवलेले असते.

१९८८ साली आलेल्या एचपीच्या पहिल्या डेस्कजेट प्रिंटरची किंमत सुमारे १,००० डॉलर होती. पुढील काळात स्पर्धा व मोठ्या प्रमाणावरील उत्पादन यांमुळे यंत्रांच्या किमती वेगाने घसरल्या आणि उत्पादकांच्या नफ्याचा भार शाईवर गेला.

किंमत-रचना

मूळ वस्तू स्वस्तात देऊन तिला लागणाऱ्या पूरक वस्तूवर नफा मिळवण्याच्या पद्धतीला ‘वस्तरा आणि पाती’ प्रारूप म्हणतात. हे नाव जिलेट कंपनीच्या दाढीच्या वस्तऱ्यावरून पडले. तथापि एकस्वाधिकार लागू होता त्या सुरुवातीच्या काळात जिलेटचा वस्तरा स्वस्त नव्हता, असे कायद्याचे अभ्यासक रँडल पिकर यांनी २०११ साली दाखवून दिले आहे.

हे प्रारूप टिकण्यासाठी ग्राहकाने पूरक वस्तू त्याच उत्पादकाकडून घेणे आवश्यक असते. त्यासाठी कार्ट्रिजच्या आकाराचे वेगळेपण, एकस्वाधिकार आणि कार्ट्रिजवरील इलेक्ट्रॉनिक चिप ही साधने वापरली जातात. चिपमुळे प्रिंटरला कार्ट्रिजची ओळख पटते. अनेक यंत्रांत उरलेली शाई प्रत्यक्ष न मोजता फेकलेल्या थेंबांच्या संख्येवरून तिचा अंदाज केला जातो. म्हणून ‘शाई संपली’ अशी सूचना आल्यावरही कार्ट्रिजमध्ये थोडी शाई शिल्लक असू शकते.

याच्या उलट प्रयोग कोडॅक कंपनीने २००७ साली केला. तिने यंत्र तुलनेने महाग आणि शाई स्वस्त ठेवली. परंतु दुकानात ग्राहकाला यंत्राची किंमत लगेच दिसते, शाईचा खर्च नंतर जाणवतो. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला व त्याच वर्षी घरगुती इंकजेट प्रिंटरची विक्री थांबवण्याचा निर्णय जाहीर केला.

शाईचा वापर व अपव्यय

कार्ट्रिजमधील सर्व शाई कागदावर उतरत नाही. शाईत पाण्याचे प्रमाण मोठे असल्याने प्रिंटर बराच काळ बंद राहिल्यास छिद्रांच्या तोंडाशी ती सुकते. छिद्रे मोकळी ठेवण्यासाठी यंत्र स्वतःहून शीर्षाची सफाई करते आणि त्यात शाई खर्च होते. ही शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक गादीत जमा होते. ती गादी भरली की काही यंत्रे छपाई थांबवतात. त्यामुळे महिन्यातून चार-दोन पानेच छापणाऱ्या घरात शाईचा मोठा हिस्सा सफाईतच संपू शकतो.

खर्च वाढवणारी अन्य कारणे पुढीलप्रमाणे :

• नव्या यंत्रासोबत येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये काही वेळा नेहमीच्या कार्ट्रिजपेक्षा कमी शाई असते.
• शीर्ष वेगळे असलेल्या यंत्रांत पहिल्या जोडणीच्या वेळी नळ्या व शीर्ष भरण्यासाठी शाई लागते.
• तीन रंग एकाच कार्ट्रिजमध्ये असल्यास एक रंग संपला तरी उरलेल्या दोन रंगांसह संपूर्ण कार्ट्रिज बदलावे लागते.
• काही प्रिंटर रंगीत शाई संपल्यावर केवळ काळ्या मजकुराची छपाईही नाकारतात.

प्रति पान खर्च

कार्ट्रिजची क्षमता पानांत सांगितली जाते. रंगीत इंकजेट कार्ट्रिजच्या क्षमतेचे मापन आयएसओ/आयईसी २४७११ या मानकानुसार होते. त्यात पाच पानांचा ठरावीक संच पुन्हापुन्हा छापला जातो. ही छपाई सलग होत असल्याने खंड पाडून छापणाऱ्या ग्राहकास प्रत्यक्षात त्याहून कमी पाने मिळतात. छायाचित्रे छापताना हा फरक आणखी वाढतो.

कार्ट्रिजच्या किमतीला पानांच्या क्षमतेने भागले की प्रति पान शाईचा खर्च मिळतो. उदाहरणादाखल, यंत्र ३,००० रुपयांचे आणि १६० पानांचे काळे कार्ट्रिज ८०० रुपयांचे मानल्यास प्रति पान खर्च ५ रुपये होतो. दुसरे यंत्र १२,००० रुपयांचे आणि ४,००० पानांची शाईची बाटली ४०० रुपयांची मानल्यास हा खर्च १० पैसे येतो. दोन्ही यंत्रांच्या किमतीतील ९,००० रुपयांचा फरक प्रति पान ४ रुपये ९० पैशांच्या बचतीने सुमारे १,८४० पानांनंतर भरून निघतो. महिन्याला १०० पाने छापणाऱ्यास त्यासाठी सुमारे दीड वर्ष, तर १० पाने छापणाऱ्यास पंधरा वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणजेच यंत्राची निवड त्याच्या किमतीपेक्षा छपाईच्या प्रमाणावर अवलंबून असते. अत्यल्प छपाई असणाऱ्यास झेरॉक्सच्या दुकानातून प्रती काढणे किंवा सुकी भुकटी वापरणारा लेझर प्रिंटर घेणे अधिक सोयीचे ठरू शकते, कारण ही भुकटी पडून राहिली तरी शाईप्रमाणे सुकत नाही.

पर्यायी कार्ट्रिज व पुनर्भरण

मूळ उत्पादकाखेरीज इतरांनी बनवलेली सुसंगत कार्ट्रिजे आणि रिकामी कार्ट्रिजे पुन्हा भरून देण्याची सेवा हे स्वस्त पर्याय आहेत. भारतात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या संगणक-बाजारांपासून लहान गावांतील दुकानांपर्यंत अशी सेवा मिळते. शाईची घनता व रासायनिक घटक जुळले नाहीत तर छिद्रे बुजणे, शाई गळणे किंवा रंग लवकर फिके पडणे असे दोष उद्भवतात. सुसंगत कार्ट्रिज आणि मूळ उत्पादकाचे नाव लावून विकलेले बनावट कार्ट्रिज यांत फरक आहे. पहिले स्वतःच्या नावाने विकले जाते, तर दुसरे ही फसवणूक असते.

वाद व न्यायनिर्णय

सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या अनेक ऑफिसजेट प्रिंटरांनी इतर उत्पादकांच्या चिपची कार्ट्रिजे अचानक नाकारली. टीकेनंतर कंपनीने ग्राहकांना पूर्वकल्पना न दिल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि हे बंधन काढणारे सॉफ्टवेअर उपलब्ध केले. डिसेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने अशा बंधनांची पुरेशी माहिती ग्राहकांना न दिल्यावरून एचपीला १ कोटी युरोंचा दंड केला.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी इम्प्रेशन प्रॉडक्ट्स विरुद्ध लेक्समार्क या खटल्यात निर्णय दिला. वस्तू एकदा विकल्यानंतर तिच्यावरील एकस्वाधिकार संपतो, म्हणून पुनर्भरण करणाऱ्यांविरुद्ध त्या अधिकाराच्या आधारे दावा करता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. हा खटला लेझर प्रिंटरच्या कार्ट्रिजचा असला तरी त्याचे तत्त्व शाईच्या कार्ट्रिजलाही लागू पडते. मात्र चिपद्वारे घातलेले तांत्रिक बंधन या निर्णयामुळे आपोआप दूर होत नाही.

शाई-टाकीचे प्रिंटर व वर्गणी

विकसनशील देशांत अनेक ग्राहक प्रिंटरला बाहेरून बाटल्या व नळ्या जोडून सतत शाईपुरवठा करीत असत. २०१० साली एप्सनने कारखान्यातच टाकी बसवलेले प्रिंटर प्रथम इंडोनेशियात विक्रीस आणले व पुढे ते भारतातही आले. कॅननने २०१५ मध्ये जी मालिका आणि एचपीने २०१६ मध्ये जीटी मालिका आणली. यांत यंत्राची किंमत अधिक व शाईची कमी असते. एचपीच्या ६८० क्रमांकाच्या काळ्या कार्ट्रिजची घोषित क्षमता ४८० पाने, तर जीटी ५१ या काळ्या शाईच्या बाटलीची ५,००० पाने आहे. काही देशांत पानांच्या संख्येनुसार मासिक वर्गणी घेऊन शाई घरपोच देण्याची योजनाही चालते. एचपीची अशी योजना २०१३ साली सुरू झाली.

पर्यावरण

कार्ट्रिजमध्ये प्लॅस्टिक, धातू, स्पंज व इलेक्ट्रॉनिक भाग असतात. भारतातील ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ च्या अनुसूचीत प्रिंटरचा समावेश कार्ट्रिजसह करण्यात आला असून त्यांचे संकलन व पुनर्चक्रण यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नव्या नियमांतही त्यांचा अंतर्भाव आहे. नव्या कार्ट्रिजची किंमत यंत्राच्या जवळपास असल्यास चालू स्थितीतील यंत्रच टाकून नवे घेण्याचा मोह होतो आणि कचऱ्यात भर पडते.

हे सुद्धा पहा

• लेझर प्रिंटर
• एकस्वाधिकार
• ई-कचरा
• ग्राहक संरक्षण