चिरेतून उतरल्या ८३ गाड्या!

समोर उभा कडा, तळाशी कोलोरॅडो नदी, मागची वाट बर्फानं बंद. काय कराल? अमेरिकेत युटाच्या वाळवंटात १८७९ च्या हिवाळ्यात सुमारे २५० जण अशाच पेचात सापडले. सोबत कच्चीबच्ची, गुरं आणि ८३ गाड्या! हे मॉर्मन पंथाचे लोक. छळाला कंटाळून १८४७ मध्ये त्यांचा पंथ युटात आला. आता त्यांना सॅन हुआन नदीकाठी नवं गाव वसवायचं होतं.

कड्यात एक अरुंद चीर होती. सुरुंगानं ती रुंदावली. खाली तर वाटच नव्हती! मग खाणकाम जाणणाऱ्या बेंजामिन पर्किन्सनं शक्कल लढवली. खडकाला भोकं पाडून मेखा ठोकल्या, वर ओंडके-दगड रचले. झाला रस्ता! २६ जानेवारी १८८० ला गाड्या उतरू लागल्या. मागची चाकं बांधलेली, माणसं दोर ताणून धरलेली. सहा आठवड्यांचा प्रवास सहा महिने चालला, पण सगळे जगले.

एप्रिलमध्ये ब्लफ गाव वसलं. मुलूख रिकामा नव्हता बरं का. तिथं युट आणि नवाहो राहत होते. शिवाय नदीचे पूर पाट फोडायचे, ते वेगळंच.

ती चीर आजही पाहता येते, मेखांच्या भोकांसकट.