मूळव्याधीच्या ऑपरेशननंतरचे पथ्य

मूळव्याधीचा त्रास माणूस वर्षानुवर्षे लपवतो. घरच्यांनासुद्धा सांगत नाही. शेवटी कोंब बाहेर येऊन आत जाईनासे होतात, रक्त पडून अशक्तपणा येतो, तेव्हा मलकापूर, खामगाव नाहीतर अकोला गाठून ऑपरेशन करून घेतो. एक-दोन दिवसांत सुट्टी मिळते आणि रुग्ण वडनेरला घरी येतो. सर्जनचे काम बहुतेक संपलेले असते, रुग्णाचे मात्र आता सुरू होते. जखम पूर्ण भरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या दिवसांत काय करावे, काय टाळावे, ते आज पाहू.

दुखते कशामुळे?

या ऑपरेशनची सर्वांत रूढ पद्धत लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधील मिलिगन आणि मॉर्गन या सर्जननी १९३७ साली मांडली. तीत कोंब मुळाशी बांधून कापून टाकतात आणि जखम मुद्दाम उघडी ठेवतात. ती तळापासून भरत वर येते. ‘डॉक्टरांनी टाकेच घातले नाहीत’ म्हणून घाबरलेले नातेवाईक पुष्कळदा येतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे. गुदद्वाराच्या बाहेरच्या भागाला वेदनेची जाणीव फार तीव्र असते. शिवाय जखमेमुळे तिथला गोल स्नायू आवळला जातो आणि कळ येते. पहिला आठवडा त्रासाचा, पुढे दुखणे उतरत जाते. स्टेपलर पद्धतीत दुखणे कमी असते, पण खाण्यापिण्याचे नियम तेच.

भीतीपोटी उपास

ऑपरेशननंतर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी पहिल्यांदा शौचास होते. रुग्णाला सर्वांत जास्त धास्ती याचीच. मग तो मनाशी हिशेब करतो, की खाल्लेच नाही तर जावेच लागणार नाही! घरचेही प्रेमाने चहा-टोस्ट, बिस्किटे, साबुदाण्याची खीर देतात. या पदार्थांत चोथा जवळजवळ नसतो. पाणीही कमी घेतले जाते. मल आतड्यात पडून राहतो, त्यातले पाणी शोषले जाते आणि त्याचा खडा होतो. कापसाच्या हंगामात आलेला एक शेतकरी पाच दिवस केवळ चहावर होता. सहाव्या दिवशी जे सोसावे लागले, ते ऑपरेशनपेक्षा भारी, असे तो म्हणाला. वेदनेच्या भीतीने धरलेल्या उपासानेच वेदना वाढवली होती.

आपल्याकडे पथ्य म्हटले की काय काय सोडायचे, एवढेच विचारतात. या आजाराचे पथ्य मुख्यतः खाण्याचे आहे. सुट्टी झाल्या दिवसापासून ज्वारीची मऊ भाकरी वरणात कुस्करून, पालक-मेथीची पातळ भाजी, मुगाचे वरण, पिकलेली पपई, ताक असे दोन वेळ पोटभर जेवावे. गव्हाचे पीठ चाळू नये. दिवसातून दहा-बारा पेले पाणी प्यावे. मात्र हृदयाचा वा मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे. रात्री दोन चमचे इसबगोल मोठा पेलाभर पाण्यात घ्यावे. ते कमी पाण्यात घेतले तर उलट अडथळा होतो. डॉक्टरांनी जुलाबाचे सौम्य औषध दिले असेल तर शौचास होऊ लागल्यावरही ते स्वतःहून बंद करू नये. ठेचा, फार तिखट रस्सा आणि दारू जखम भरेपर्यंत दूर ठेवावी. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो, तीही सोडावी.

शौचाची वेळ आणि टबातले पाणी

शौचाची भावना झाली की थोपवू नये, आणि झाली नसेल तर कुंथत बसू नये. पाच मिनिटांत उठावे. मोबाईल बाहेर ठेवावा. नंतर पाण्याने हळुवार धुवावे, घासू नये. मग प्लॅस्टिकच्या टबात किंवा रुंद घमेल्यात सोसवेल इतके कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसावे. असे दिवसातून तीन-चार वेळा आणि प्रत्येक शौचानंतर करावे. कोमट पाण्याने आवळलेला स्नायू सैल पडतो आणि कळ थांबते. साधे पाणी पुरते. तुरटी, डेटॉल, मीठ यांची गरज नाही, त्यांनी जखम चुरचुरते. नंतर मऊ सुती कापडाने टिपून कोरडे करावे. वेदनाशामक गोळ्या पहिल्या आठवड्यात सांगितलेल्या वेळी घ्याव्यात, दुखणे वाढायची वाट पाहू नये.

पडून राहू नये, घरात हिंडावे. बैठे काम बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत जमते. पोती उचलणे, फवारणीचा पंप पाठीवर घेणे, हायवेवर मोटारसायकलने लांब जाणे, हे मात्र सर्जनने सांगेपर्यंत टाळावे.

केव्हा धाव घ्यावी?

शौचाच्या वेळी थेंब-दोन थेंब रक्त आणि थोडा पिवळसर स्राव काही आठवडे चालतो. त्यात घाबरण्यासारखे नाही. पण सातव्या ते चौदाव्या दिवसांत क्वचित एखाद्याला मोठा रक्तस्राव होतो, कारण बांधलेले मूळ त्या सुमारास गळून पडते. कापड भिजेल इतके रक्त, गाठी पडणे, चक्कर येणे, यापैकी काहीही झाले तर रात्र असली तरी थांबू नये, थेट दवाखाना गाठावा. पहिल्या दिवशी लघवी तुंबणे, थंडी वाजून ताप येणे, उतरणीला लागलेले दुखणे पुन्हा चढणे, तीन दिवस शौचास न होणे, हीसुद्धा डॉक्टरांकडे जाण्याची कारणे आहेत. मधुमेह असणाऱ्यांनी साखर ताब्यात ठेवावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती मनाने बंद वा सुरू करू नये.

महिन्या-दीड महिन्याने मलाची धार बारीक होत चालली तर मार्ग आकसत आहे असे समजून लगेच दाखवावे. वेळेवर आल्यास उपाय सोपा असतो.

या सगळ्याच्या आड येते ती लाज. सुना-लेकी तर रक्त पडत असूनही बोलत नाहीत. घरातल्या कुणीतरी आपणहून विचारावे, ‘रक्त किती पडते? जेवलीस का?’ स्टँडवरच्या पाटीवर वाचलेले कोंब जाळायचे औषध किंवा इंजेक्शन जखमेवर घेऊ नये. आणि ऑपरेशन होऊन गेले असले तरी पुढे कधी शौचावाटे रक्त दिसले, तर ‘परत मूळव्याधच असेल’ असे घरी ठरवू नये. आतड्याच्या कॅन्सरमध्येही असेच रक्त पडते, विशेषतः चाळिशी ओलांडलेल्यांनी तपासून घ्यावे.

जखम भरल्यावरही भाकरी, भाजी आणि पाणी यांत खंड पडू देऊ नका. ज्या बद्धकोष्ठाने कोंब आले, ते परतले तर कोंबही परत येऊ शकतात.