विहिरीत ढकललं की भीती जाते?

एप्रिल-मे महिन्यात बारामती-इंदापूरच्या कुठल्याही मळ्यातल्या विहिरीवर जा, एक वाक्य हमखास कानावर पडतं : "ढकलून द्या त्येला, आपसूक पवाया शिकंल." पाठीला रिकामा डबा बांधलेलं आठ-नऊ वर्षांचं पोरगं काठावर उभं असतं. पायाची बोटं दगडावर गच्च रोवलेली, ओठ पांढरेफटक, तोंडातून शब्द फुटत नाही. पाण्यातली पोरं खालून ओरडत असतात. मग मामा नाहीतर चुलता मागून येतो आणि धक्का देतो. यंदाही मी हे पाहिलं. ते पोरगं वर आलं ते थेट घराकडं पळालं. दुसऱ्या दिवशी विहिरीच्या वाटेलाही लागेना. तरी काठावरची मंडळी म्हणत होती, "अजून एक-दोनदा टाकलं की मोडंल भीती."

मोडत नाही. उलट मुरते. हे किती वेळा सांगायचं?

"आम्ही असंच शिकलो की!" हे यावरचं ठरलेलं उत्तर. खरं आहे, पण तुम्हाला नवख्या माणसाला वाटते तेवढीच भीती वाटत होती. चार हात मारल्यावर ती गेली. तुमच्याच वयाचा जो भेदरला आणि पुन्हा पाण्यात उतरला नाही, तो आज विहिरीवर गप्पा मारायला येत नाही. त्यामुळे त्याचा अनुभव कुणी मोजतच नाही.

भीती टिकते कशी, ते नीट पाहू. भीतीच्या जागेवरून माणूस पळाला की त्याला लगेच हायसं वाटतं. मेंदू त्यातून धडा घेतो : पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर पळवतो. ढकललेलं पोर पाण्यात असतं जेमतेम मिनिटभर, आणि तेवढा वेळ जिवाच्या आकांतानं बाहेर पडायची धडपड करत असतं. "पाणी घात करत नाही" हे कळायला त्याला फुरसतच मिळत नाही. शिवाय ज्याच्या जिवावर काठावर उभं राहायचं, त्याच मामानं मागून धक्का दिलेला असतो.

यावरचा इलाज ठाऊक होऊन शंभर वर्षं झाली. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची हकीकत छापली. त्याला आवडीचा खाऊ देत देत ससा रोज थोडा जवळ आणला. शेवटी पोरगं सशाला कुरवाळू लागलं. 1958 मध्ये जोसेफ वोल्पे यांनी पायरी-पायरीच्या उपचाराची पद्धत ग्रंथात मांडली. भीतीला एकदम सामोरं जायचा उपचारही आहे, पण तोही माणसाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं आणि भीती ओसरेपर्यंत तिथंच थांबून करतात. मागून धक्का देणं यात कुठंच बसत नाही.

आपल्या भाषेला हे आधीपासून कळलेलं आहे. आपण म्हणतो, "हळूहळू भीड चेपते." चेपणं म्हणजे थोडा थोडा दाब देत बसवणं. विहिरीवर मात्र आपण "मोडायची" भाषा करतो.

शब्दांचा घोळ इथंच थांबत नाही. हल्ली कुठल्याही भीतीला "फोबिया" म्हणतात. उसाच्या फडात पाय टाकताना सापाची भीती वाटते, तो फोबिया नव्हे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आहेत आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली. ही भीती शहाणपणाची आहे. 21 मे 2024 रोजी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडं येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि 6 जण बुडाले. त्यानंतर काठावरच्या माणसानं बोटीत बसताना लाइफ जॅकेट मागितलं, तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याला धसका बसला असेल, वारं सुटलं की धास्ती वाटत असेल. हे शब्द पुरेसे आहेत. भयगंड, म्हणजे फोबिया, कधी म्हणायचं? भीती धोक्याच्या मानानं बेसुमार असते, साधारण सहा महिने किंवा जास्त टिकते आणि रोजचं जगणं अडवते, तेव्हा. सापाचं नुसतं चित्र दिसलं म्हणून पोरगं पुस्तकच उघडेना, तर तो भयगंड असू शकतो.

आता बाकीचे गैरसमज.

पाण्याची भीती म्हणजे हायड्रोफोबिया : चूक, आणि जिवावर बेतणारी चूक. हायड्रोफोबिया हे रेबीजचं लक्षण आहे. गिळताना घशाचे स्नायू आखडतात, म्हणून रुग्ण पाणी टाळतो. "कुत्रं चावलंय, पण पाणी पितंय ना, मग काही नाही" असं म्हणत थांबू नका. लक्षणं दिसल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठून लस सुरू करा.

अ‍ॅगोराफोबिया म्हणजे मोकळ्या मैदानाची भीती : तेवढंच नाही. ग्रीक भाषेत अ‍ॅगोरा म्हणजे बाजारचौक. भरलेली एसटी, बाजारातली गर्दी, रांग अशा ठिकाणी "काही झालं तर निघता येणार नाही" ही ती भीती.

सुई पाहून घेरी येणारा भित्रा असतो : रक्त-सुईच्या भयगंडात रक्तदाब आधी चढतो आणि मग एकदम उतरतो, म्हणून भोवळ येते. सुई टोचून घेताना आडवं व्हा. हातापायांचे स्नायू 10-15 सेकंद आवळून सैल सोडायचे, पुन्हा आवळायचे, हे तंत्र उपयोगी पडतं.

बुजरं पोर म्हणजे सोशल फोबिया : बुजरेपणा स्वभाव आहे. वर्गात उत्तर येत असूनही सगळे हसतील या भीतीनं शाळाच बुडू लागली, तर लक्ष द्या.

बाहेरची बाधा आहे, उतारा टाका : उतारा टाकून भयगंड जात नाही. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तिथं मराठीतही बोलता येतं.

राहिलं ते विहिरीवरचं पोरगं. त्याला आधी नुसतं पायऱ्यांवर बसू द्या. दुसऱ्या दिवशी पाय पाण्यात. मग गुडघ्यापर्यंत. घरी घमेल्यात तोंड बुडवून बुडबुडे काढू द्या. पुढची पायरी कधी, ते त्यानं सांगायचं, आणि पोहता येणारा मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवा. कालव्यावर मात्र नेऊ नका. तिथं ओढ असते आणि काठ निसरडे. पंधरा दिवस लागतील, कदाचित सगळी सुट्टी लागेल. मामा, तेवढा धीर तुम्ही धरा.