केळीच्या रांगेत चुकणारा रोबो

वसईत पापडीच्या कॅथेड्रलपासून आतल्या गावांकडे निघालं की अजून काही वाड्या शिल्लक दिसतात. केळी, नारळ, पानवेली, मध्येच फुलझाडं आणि नशीब असेल तर एखादं न बुजवलेलं बावखल, म्हणजे वाडीतलं तळं. अशा वाडीत एक छोटा चाकांचा रोबो सोडला आणि त्याला सांगितलं, की कुणीही रिमोट न चालवता प्रत्येक केळीचं खोड बघून ये, कीड लागली असेल तर झाड नेमकं कुठलं ते सांग. काम साधं वाटतं. पण कारखान्याच्या सपाट फरशीवर डौलात फिरणारे रोबो या वाडीत अर्ध्या तासात हरवतील. ते का हरवतात, याचं उत्तर शोधण्यात एखाद्याची चार-पाच वर्षं सत्कारणी लागू शकतात. स्वायत्त रोबोंमधली पीएच.डी. म्हणजे काय, हे वसईतल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना सांगायचं तर या वाडीतूनच सांगणं मला बरं वाटतं.

रोबोला सगळ्यात आधी कळायला हवं, की मी आत्ता कुठे आहे. उघड्या मैदानात जीपीएस मदतीला येतं. दाट पानांखाली मात्र उपग्रहाचे संदेश क्षीण होतात, खोडांवर-पानांवर आपटून वाकड्या वाटेने येतात आणि जागा काही मीटरने चुकते. मग चाकं किती फिरली ते मोजून अंदाज बांधायचा, तर पाटाच्या कडेच्या चिखलात चाक जागच्या जागी फिरतं आणि यंत्राला वाटतं आपण पुढे गेलो. दिशेतली चूक त्याहून वाईट. रोबोचं तोंड फक्त एका अंशाने चुकलेलं असेल, तर शंभर मीटर चालल्यावर तो सुमारे पावणेदोन मीटर बाजूला गेलेला असतो. केळीच्या दोन रांगांमध्ये साधारण पाच-सहा फुटांचं अंतर असतं. म्हणजे रोबो अख्खी रांग चुकला आणि निरोगी झाडावर कीड असल्याची नोंद करून मोकळा झाला.

यावरचा तोडगा संशोधकांनी शोधलेला आहे. रोबो चालता चालता नकाशा बनवतो आणि त्याच नकाशात स्वतःची जागाही ठरवतो. या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘स्लॅम’ म्हणतात. रोबो फिरून पुन्हा ओळखीच्या जागी आला, समजा बावखलाच्या काठावरच्या रहाटापाशी, आणि त्याने ती जागा ओळखली, की तोवर साचलेली चूक त्याला कळते. ती चूक तो मागच्या सगळ्या वाटेवर वाटून टाकतो आणि नकाशा सरळ होतो. पण केळीच्या वाडीत प्रत्येक रांग दुसरीसारखीच दिसते. सहाव्या रांगेला त्याने दुसरी समजलं, तर हीच दुरुस्ती सगळा नकाशा मोडून टाकते. महिन्याभराने नवी पानं फुटतात, घड उतरवले जातात, खोडं तोडली जातात. कालची ओळख आज चालत नाही. एकसारख्या दिसणाऱ्या आणि सतत बदलणाऱ्या जागेत रोबोने आपल्या ओळखीवर किती विश्वास ठेवायचा? हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, जगात कुठेच.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आणि पीएच.डी. यांतला फरक इथेच कळतो. प्रोजेक्टमध्ये परीक्षकांसमोर रोबो एकदा नीट चालला की झालं. पीएच.डी.त विचारलं जातं, तो केव्हा चालत नाही, किती चुकतो, का चुकतो, आणि तुझ्या पद्धतीने ती चूक किती कमी झाली हे तू कशावरून म्हणतोस. वायरी जोडण्यात हुशार असलेली कितीतरी मुलं इथे दचकतात, कारण या उत्तरांना संभाव्यताशास्त्र, रेषीय बीजगणित आणि नियंत्रणशास्त्र लागतं. ते पक्कं करायला वेळ द्यावा लागतो. तो द्यावाच.

हे काम दूर कुठे अमेरिकेतच चालतं असं नाही. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयओने, ‘माया’ नावाचं पाण्याखाली स्वतःहून फिरणारं वाहन बनवलं. एल्गर डिसा यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने ते उभं केलं, आणि वाहनाच्या नियंत्रणाच्या कामात लिस्बनच्या इन्स्टिट्यूटो सुपीरियर टेक्निकोमधले अंतोनियो पास्कोआल यांचा गट सोबत होता. पोर्तुगीजांच्या किल्ल्यामुळे लिस्बनचं नाव वसईकराच्या कानावर असतंच, हा दुवा मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. ‘माया’ टॉर्पेडोच्या आकाराची, एका माणसाच्या उंचीएवढ्या लांबीची. तिचं नाक बदलता येतं, म्हणजे कामाप्रमाणे वेगवेगळी संवेदनयंत्रं बसवता येतात. पाण्याखाली रेडिओलहरी पोचत नाहीत, त्यामुळे जीपीएस तिथे निरुपयोगी. वाहन वर आलं की जागा कळते, बुडी मारली की पुन्हा अंदाजावर चालायचं.

आता हाच विचार वसईच्या खाडीला लावून बघा. पाणी गढूळ, कॅमेऱ्याला हातभर पुढचं दिसत नाही. गाळ साचत जातो आणि नायगाव-पाचूबंदरच्या होड्या कुठे टेकतील हे नाखवा अनुभवाने ओळखतो. लहानशा स्वयंचलित होडीने तळाची खोली मोजायची ठरवली, तर मोजणी चालू असतानाच भरती-ओहोटीने पाणी वर-खाली होतं, प्रवाह होडीला ढकलतो, बॅटरी संपत जाते. ओहोटी लागायच्या आत कुठला भाग आधी मोजायचा, हे होडीने स्वतः ठरवायला हवं. नाखव्याला जे कळतं त्यातलं यंत्राला किती शिकवता येईल? असा विषय घेऊन एखादी कोळ्याची मुलगी मार्गदर्शकापुढे बसली, तर तिच्याकडे जे ज्ञान असेल ते कुठल्याही मोठ्या प्रयोगशाळेत विकत मिळत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा भागही यातच येतो. रोबोला चुका करून शिकू द्यायचं म्हटलं, तर संगणकाच्या खेळात तो लाखो वेळा हरू शकतो. चिखलात लाखो वेळा पडू शकत नाही. म्हणून आधी संगणकातल्या नकली वाडीत शिकवतात आणि मग खऱ्या वाडीत आणतात. नकलीत शिकलेलं खऱ्यात किती टिकतं, हा आजचा अतिशय जिवंत विषय आहे. या शिकण्यामागच्या गणितात आपल्या माणसाचं मोठं काम आहे. आयआयटी मुंबईतून १९७६ मध्ये बी.टेक. झालेले विवेक बोरकर यांनी १९९७ मध्ये दोन वेगवेगळ्या गतींनी चालणाऱ्या शिकण्याच्या प्रक्रियांचं विश्लेषण मांडलं. एक भाग झपाट्याने ‘हे वागणं कितपत बरं’ याचा अंदाज घेतो, दुसरा सावकाश वागणं सुधारतो, आणि दोन्ही मिळून योग्य ठिकाणी कधी पोचतात हे त्यातून सांगता येतं. पुढे टीआयएफआर आणि आयआयटी मुंबईत त्यांनी हे काम चालू ठेवलं. रोबो शिकवणारा कुठलाही विद्यार्थी या विचारापाशी कधी ना कधी येतोच.

पापडीहून सगळ्यात जवळची मोठी संस्था म्हणजे पवईची आयआयटी. वसई रोडहून लोकलने जोगेश्वरी किंवा अंधेरी, तिथून पुढे बस. तिथला सिस्टिम्स अँड कंट्रोल विभाग रोबोंच्या स्वायत्ततेवर काम करतो, आणि २०२० मध्ये सुरू झालेलं यंत्रबुद्धिमत्ता व डेटा सायन्सचं केंद्रही पीएच.डी. देतं. मोनॅश विद्यापीठासोबतच्या संयुक्त अकादमीत दोन्ही देशांतले मार्गदर्शक मिळतात आणि काही काळ ऑस्ट्रेलियात काढता येतो. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात, माणसाने जाऊ नये अशा किरणोत्सारी जागी काम करणाऱ्या रोबोंसाठी वेगळा विभाग आहे, आणि तिथली पदवी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेकडून मिळते. याशिवाय पुण्यात गिरीनगरला डीआयएटी ही संरक्षण-तंत्रज्ञान संस्था, बंगळुरूला आयआयएससी, हैदराबादला ट्रिपल आयटीचं रोबोटिक्स केंद्र.

पैशाचा प्रश्न घरात पहिल्यांदा निघतो आणि तो रास्त आहे. केंद्र सरकारची संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे. प्रधानमंत्री संशोधन अधिछात्रवृत्ती ७०,००० पासून सुरू होऊन ८०,००० पर्यंत गेली, पण तिची निवड कडक. राज्याच्या बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थाही पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देतात. आपल्या सामाजिक गटासाठीची जाहिरात केव्हा निघते यावर नजर हवी. सॉफ्टवेअर कंपनीतल्या मित्राचा पगार पाच वर्षांत कुठल्या कुठे गेलेला असेल, हे खरं आहे आणि ते घरी आधीच बोलून घ्यावं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के असणाऱ्यांना थेट पीएच.डी.ची वाट खुली केली, आणि महिला संशोधकांना मुदतीत दोन वर्षं जादा व २४० दिवसांपर्यंत प्रसूती-बालसंगोपन रजा दिली. लग्न-संसाराचं कारण सांगून मुलीला थांबवणाऱ्या घरांनी हा नियम वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

परदेशातही पैशाची सोय होते. युरोपात बऱ्याच ठिकाणी पीएच.डी. ही पगारी नोकरी असते, आणि अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळतं. जो एजंट लाखभर घेऊन ‘पीएच.डी.ची सीट’ किंवा तयार शोधनिबंध देतो म्हणेल, त्याला दारातूनच परत पाठवावं.

तयारी घरी बसून सुरू होते. आरओएस हे रोबोंचं सॉफ्टवेअर आणि गझीबो हा नकली जग उभं करणारा प्रोग्राम, दोन्ही फुकट आहेत. आयआयटी मुंबईचा ई-यंत्र प्रकल्प २०१२ पासून देशभरातल्या महाविद्यालयांसाठी रोबोस्पर्धा घेतो. वसई-विरारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी दुसऱ्या वर्षापासूनच तिथे उतरावं. गेट परीक्षेत २०२४ पासून डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा स्वतंत्र पेपर आहे.

आणि मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या नावाआधी माणसाचं काम बघावं. त्यांचे गेल्या तीन वर्षांतले दोन-तीन निबंध पूर्ण वाचावे, त्यांच्या हाताखाली पदवी घेतलेले विद्यार्थी आज कुठे आहेत ते पाहावं, जमलं तर एखाद्याशी बोलावं. मग अर्ध्या पानाचं पत्र लिहावं. ‘मला एआयची आवड आहे’ असं लिहिलेली पत्रं प्राध्यापकांना रोज येतात. तुम्ही लिहा, की तुमच्या अमुक निबंधातली पद्धत मी आमच्या वाडीत काढलेल्या व्हिडिओवर चालवून पाहिली, चौथ्या रांगेनंतर ती चुकली, चूक एवढी आली, आणि मला वाटतं कारण हे असावं. सोबत व्हिडिओ आणि कोड जोडा. आठवड्याभरात उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, आणि तोवर पाचव्या रांगेचा व्हिडिओ काढून ठेवा.