फुटलेल्या रेकॉर्डची किंमत किती?

गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं: कुरियरनं पाठवलेली जुनी रेकॉर्ड फुटून आली, भरपाई मागितली तर समोरचे म्हणतात, ‘तिची किंमत एवढी होती हे सिद्ध करा.’ हे करायचं कसं?

आपण ७८ आरपीएमची तबकडी घेऊ. तिच्यात लाख आणि दगडाची पूड असते. ती वाकत नाही, सरळ फुटते. चिकटवली तरी सुई तड्यावर उडते. तेव्हा नुकसान दाखवणं सोपं. अडतं ते किमतीपाशी.

गायकाचं नाव मोठं म्हणून किंमत मोठी, असं नसतं बरं का. बालगंधर्वांच्या तबकड्या त्या काळी भरपूर खपल्या, त्यामुळे त्यांतल्या कित्येक आजही मिळतात. उलट विसरल्या गेलेल्या एखाद्या गायिकेची तबकडी संग्राहक वर्षानुवर्षं शोधत असतात. म्हणून आधी आपली तबकडी नेमकी कोणती, ते टिपायचं: लेबलवरचा क्रमांक, आणि लेबलाच्या कडेला लाखेतच उमटलेला मॅट्रिक्स क्रमांक. तेच गाणं नंतर पुन्हा काढलेलं असेल तर लेबल वेगळं आणि भावही वेगळा. मग तिरप्या उजेडात फोटो, आणि ती वाजतानाचं मोबाईलवर रेकॉर्डिंग. हे सगळं खोकं बंद करण्याआधी. फुटल्यावर तिची आधीची अवस्था सांगायला कोण येणार?

किमतीसाठी तशाच अवस्थेतली तीच तबकडी खरोखर कितीला विकली गेली, ते बघायचं. कुणी दहा हजार मागतोय, यावरून काहीच ठरत नाही. मागायला काय जातं! नात्यातल्या नसलेल्या जाणकाराचं लेखी मत मात्र उपयोगी पडतं.

आम्ही स्वतः फसलो ते भलतीकडेच. रेकॉर्ड ४,००० रुपयांची, खरेदीची पावतीही होती. पण जादा आकार वाचवायला कुरियरच्या चिठ्ठीवर आम्हीच लिहिलं, ‘जुनी रेकॉर्ड, रु. १००’. आली ती तीन तुकड्यांत, आणि आमच्यासमोर आमचंच अक्षर ठेवण्यात आलं. त्यावर बोलणार काय? चिठ्ठीमागची बारीक अक्षरंही अशीच अंगाशी येतात. १९९६ साली एका विणमाल कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सही केलेल्या कुरियरच्या चिठ्ठीतली १०० डॉलरची मर्यादा मान्य केली होती.

माल ट्रकनं पाठवला असेल तर २००७ चा रस्ते वाहतूक कायदा लागतो. दावा लावायचा तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस गेलेली हवी. आपण फोनवर भांडत बसतो आणि दिवस निघून जातात.

आणि खोकं, आतला कागद, तुकडे यांतलं काही टाकू नका. खोकं चेपलेलं दिसलं तर पोच देताना सहीशेजारीच तसं लिहा, आणि उघडताना व्हिडिओ चालू ठेवा. आमच्याकडे ते तीन तुकडे अजून आहेत. खोकं मात्र घरच्यांनी दुसऱ्याच दिवशी रद्दीत दिलं होतं.