विषयाचे नाव आणि विषय
(विज्ञान पदवीतील प्रमुख विषयाच्या निवडीसंबंधी)

जुन्या ताम्रपटांत ‘विषय’ हा शब्द राज्याच्या एका विभागाचा वाचक म्हणून येतो. त्या विभागाच्या अधिकाऱ्यास ‘विषयपति’ म्हणत. इंद्रियांनी ज्याचे ग्रहण होते तो पदार्थ, हा त्याच शब्दाचा दुसरा, आणि आज अधिक परिचित असलेला अर्थ. महाविद्यालयाच्या प्रवेशपत्रिकेवर छापलेल्या ‘विषय’ या शब्दाचा संबंध विद्यार्थी नकळत दुसऱ्या अर्थाशी, म्हणजे आवडीनिवडीशी जोडतो. वस्तुतः पहिला अर्थ त्यास अधिक उपयोगी पडावा. विज्ञानातील प्रत्येक विषय हा एक मुलूख आहे. त्यास सीमा आहेत, त्यात उतरण्याचे ठराविक घाट आहेत, आणि एका मुलखातून दुसऱ्यात जाणारे काही रस्ते केवळ एकाच दिशेने चालतात. प्रमुख विषयाची निवड करताना होणाऱ्या बहुतेक चुका या रस्त्यांच्या अज्ञानातून उद्भवतात, अनास्थेतून नव्हे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये स्वीकारले गेले आणि त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांचा नवा आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हापासून या प्रश्नास निकड आली आहे. त्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक लागतात. त्यांपैकी निदान ६० प्रमुख विषयाचे आणि २४ गौण विषयाचे असतात. चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस १६० श्रेयांक ठरविले आहेत. पुण्याच्या विद्यापीठाने २०२४ मध्ये लागू केलेल्या रचनेत विज्ञानाचा विद्यार्थी पहिल्या वर्षी तीन विषय घेतो. दुसऱ्या वर्षी त्यांतील एक प्रमुख होतो, एक गौण होतो आणि तिसरा सुटतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने दोन सत्रांच्या परिचयावर एक मुलूख राहण्यासाठी, एक येण्याजाण्यासाठी आणि एक कायमचा सोडण्यासाठी निवडावयाचा, असा त्याचा अर्थ होतो.

‘मेजर’ ही संज्ञा अमेरिकेतली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या १८७७-७८ च्या माहितीपत्रकात ती या अर्थाने प्रथम आढळते. त्याच सुमारास हार्वर्ड येथे अध्यक्ष एलियट हे विद्यार्थ्यास जवळजवळ अनिर्बंध निवडीचे स्वातंत्र्य देत होते. त्याचा परिणाम असा झाला, की पुष्कळांनी चार वर्षे प्राथमिक पाठ्यक्रमांतच काढली. एलियट यांच्या जागी १९०९ मध्ये आलेल्या लॉवेल यांनी ही ढिलाई थांबविण्यासाठी एका विषयात खोली आणि इतरांत विस्तार अशी सक्तीची विभागणी आणली. म्हणजे प्रमुख विषय ही कल्पना तेथे तरी स्वातंत्र्याचा विस्तार म्हणून नव्हे, तर स्वातंत्र्याला घातलेला बांध म्हणून रुजली. आपल्याकडे ती नेमकी उलट्या वेषात, ‘निवडीचे स्वातंत्र्य’ या नावाने, आली आहे.

मराठीत तिच्यासाठी ‘प्रमुख’ आणि ‘गौण’ ही जोडी योजिली गेली. यांतील ‘गौण’ हा शब्द मात्र अपुऱ्या विचाराने घेतला गेला, असे म्हणावे लागते. व्याकरणात आणि मीमांसेत मुख्यार्थ व गौणार्थ असा जो भेद केला जातो, त्यात अवहेलना नाही. परंतु चालू मराठीत ‘गौण’ म्हणजे दुर्लक्षणीय. ‘ही बाब गौण आहे’ असे म्हटल्यावर तिच्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही. विद्यार्थी गौण विषयाकडे याच दृष्टीने पाहू लागला तर दोष शब्दाचाही आहे; आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे, विज्ञानाच्या पदवीत कित्येकदा हा गौण विषयच पुढील दार उघडणारा ठरतो.

नव्या रचनेपूर्वीही महाराष्ट्रात एकच पद्धती नव्हती. पुण्यात पहिल्या वर्षी चार विषय, दुसऱ्या वर्षी तीन आणि तिसऱ्या वर्षी एक, अशी नरसाळ्यासारखी निमुळती होत जाणारी रचना दीर्घकाळ चालली. मुंबईतही विषय वर्षागणिक कमी होत. मात्र अखेरच्या वर्षी सहा युनिटांचा एक विषय घ्यावा की तीन-तीन युनिटांचे दोन, अशी मुभा असे. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांत तीन विषय तिन्ही वर्षे सारख्याच भाराने चालत. पुण्याचा बी.एस्सी. झालेला विद्यार्थी ‘रसायनशास्त्राचा’ असे; नागपूरचा विद्यार्थी तितकाच भौतिकशास्त्राचा आणि गणिताचाही असे. पदवीची अक्षरे तीच, वस्तू मात्र भिन्न. दोहोंपैकी कोणती पद्धती श्रेष्ठ हा वाद येथे अप्रस्तुत आहे. तथापि नागपूरच्या पद्धतीचा एक गुण नमूद केला पाहिजे: तीत उशिरा शहाणे होण्यास वाव होता.

नाव तेच आणि वस्तू भिन्न, हा प्रकार विषयांच्या बाबतीत अधिकच घडतो. मराठीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र ही सर्व नावे एकाच उत्तरपदाने संपतात. समासाच्या या समान शेपटामुळे ती सर्व एका ओळीत, एका उंचीवर उभी असल्याचा भास होतो. त्यांतील परस्परावलंबन नावावरून मुळीच कळत नाही. शिवाय शाळेत ज्या नावाने एक गोष्ट शिकविली जाते, त्याच नावाने विद्यापीठात दुसरीच गोष्ट शिकविली जाते.

गणिताचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. एखादे संतत फलन एका टोकास ऋण आणि दुसऱ्या टोकास धन असेल, तर मध्ये कोठे तरी ते शून्य होते, हे विधान बारावीपर्यंतचा विद्यार्थी आकृतीकडे पाहून मान्य करतो. रेघ खालून वर जाते, म्हणजे ती मधला अक्ष ओलांडणारच. यात सिद्ध करण्यासारखे काय आहे, असे त्यास वाटते, आणि ते स्वाभाविकही आहे. विद्यापीठातील वर्गात त्यास विचारले जाते: आपल्यापाशी केवळ परिमेय संख्या असत्या तर? एका संख्येच्या वर्गातून दोन वजा करावयाचे, असे फलन घ्या. एक ही संख्या घेतली असता उत्तर ऋण येते, दोन घेतली असता धन येते. परंतु ज्या ठिकाणी ते शून्य व्हावे तेथे कोणतीही परिमेय संख्या नाही, कारण दोनचे वर्गमूळ परिमेय नाही. रेघ अक्ष ओलांडते खरी, पण फटीतून! तेव्हा ते विधान आकृतीमुळे खरे नसून वास्तव संख्यांच्या एका विशिष्ट गुणामुळे खरे आहे, आणि तो गुण कोणता हे शब्दांत सांगता आले पाहिजे. बोल्झानो यांनी १८१७ मध्ये या विधानाच्या सिद्धतेची आवश्यकता ओळखली, त्याआधीचे थोर गणिती आकृतीवर विसंबून होते. शाळेतील गणित हिशेब करावयास लावते. विद्यापीठातील गणित समर्थन करावयास लावते. पहिल्यात शंभरपैकी शंभर गुण मिळविणारा विद्यार्थी दुसऱ्यात रमेलच असे नाही, आणि पहिल्यात साधारण असलेला एखादा दुसऱ्यात अकस्मात उजळून निघतो. भाषाविभागांत हा अनुभव नवा नाही. कवितेच्या ओढीने आलेल्या विद्यार्थ्यापुढे पहिल्याच सत्रात स्वनिमांचे तक्ते येतात.

भौतिकशास्त्राची गोष्ट निराळी. तेथे आशय पुष्कळसा तोच राहतो, वाहन बदलते. पुंज यामिकी समजण्यासाठी रेषीय बीजगणित हवे. विद्युत्‌चुंबकीय सिद्धांतासाठी सदिश कलन हवे. यामिकीच्या कोणत्याही पुढील पाठासाठी अवकल समीकरणे हवीत. हे गणित भौतिकशास्त्राच्या तासाला ओघाओघात शिकता येईल, ही समजूत दुसऱ्या वर्षाअखेर बहुधा मोडते. रसायनशास्त्र या एका नावाखाली तर दोन निरनिराळे स्वभाव नांदतात. कार्बनी रसायनात आकृतिबंध ओळखण्याची आणि स्मरणाची शक्ती उपयोगी पडते, तर भौतिकीय रसायनाच्या ऊष्मागतिकीत कलनाशिवाय पाऊल टाकता येत नाही. जीवविज्ञानाकडे पुष्कळ विद्यार्थी ‘यात गणित नाही’ म्हणून वळतात. आनुवंशिकी, परिस्थितिविज्ञान आणि रेणवीय जीवविज्ञान यांची आजची घडण पाहता हे कारण आता उरलेले नाही, संख्याशास्त्र तेथेही गाठतेच. विच्छेदनाच्या भीतीने प्राणिशास्त्र टाळणारेही असत. पदवी वर्गांतील ते विच्छेदन बंद करण्याचे पाऊल आयोगाने २०१४ मध्ये उचलले, तरी भीती मात्र ऐकीव स्वरूपात मागे राहिली आहे.

आता एकमार्गी रस्त्यांकडे वळता येईल. व्यंकटरमण रामकृष्णन यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७१ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली, ओहायो येथे त्याच विषयात डॉक्टरेट मिळविली आणि त्यानंतर जीवविज्ञान शिकण्यास ते पुन्हा विद्यार्थी झाले; पेशीतील रायबोसोमच्या संरचनेवरील कार्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेही रसायनशास्त्राचे. डीएनएच्या रचनेचा उलगडा करणाऱ्या दोघांपैकी फ्रान्सिस क्रिक यांची पहिली पदवीही भौतिकशास्त्राचीच. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे दामोदर धर्मानंद कोसंबी हे याहून लांबचे प्रवासी. हार्वर्ड येथे त्यांनी गणितावरच लक्ष एकवटावे अशी त्यांचे गुरू बर्कहॉफ यांची इच्छा होती. कोसंबींनी अनेक विषय हाताळले आणि पुढे नाणकशास्त्र, भर्तृहरीच्या पाठाची चिकित्सा व प्राचीन भारताचा इतिहास या क्षेत्रांत गणिताची शिस्त नेली. असामान्यांची उदाहरणे सामान्यांस लावू नयेत हे खरे. पण येथे प्रश्न प्रतिभेचा नसून दिशेचा आहे. गणित-भौतिकीकडून जीवविज्ञानाकडे, भूविज्ञानाकडे, अर्थशास्त्राकडे किंवा भाषाविज्ञानाकडे जाणारी वाट चालती आहे. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे गेलेला मनुष्य शोधावा लागेल.

यातूनच एक अप्रिय गोष्ट निष्पन्न होते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याची खरी निवड पदवीच्या दुसऱ्या वर्षी होत नाही, ती अकरावीत होते. महाराष्ट्रात अकरावीस गणित सोडता येते. वैद्यकीय प्रवेशाची आशा धरून ते सोडणारा विद्यार्थी, ती जागा न मिळाल्यामुळे बी.एस्सी.ला येतो, तेव्हा त्याच्यापुढे ठेवलेल्या विषयांच्या यादीतील अर्धी नावे केवळ वाचण्यासाठी असतात. त्याला कोणी फसविलेले नसते; पण तो निर्णय निर्णय आहे हेही त्याला कोणी सांगितलेले नसते. आराखड्यातील मुभा आणि तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात प्रत्यक्ष चालणारे विषय यांतील अंतर ही दुसरी मर्यादा. जेथे तीनच विभागांना पुरेसे अध्यापक आहेत तेथे निवड विद्यार्थी करीत नाही, वेळापत्रक करते. अशा ठिकाणी गौण विषय म्हणून गणित किंवा संख्याशास्त्र मिळत असेल तर ते धरून ठेवावे, हा सल्ला जवळजवळ निरपवादपणे देता येतो. प्रमुख विषय पुढे बदलावासा वाटला तर तोच दुवा कामी येतो.

श्रेयांकांचा हिशेबही एकदा तासांत मांडून पाहावा. तासिकेच्या एका श्रेयांकास सत्रात १५ तास, तर प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकास ३० तास धरले जातात. प्रमुख विषयाच्या ६० श्रेयांकांपैकी समजा २० प्रात्यक्षिकाचे असले, तर वर्गात ६०० तास आणि प्रयोगशाळेतही ६०० तास होतात. म्हणजे विषयाची ‘आवड’ निम्मी तरी हातांची असावी लागते: ब्युरेटच्या तोटीवर बोट ठेवून थेंब मोजण्याची, सूक्ष्मदर्शकाखालील काच तासभर न कंटाळता सरकविण्याची, किंवा न जुळणाऱ्या वाचनांचा तक्ता पुन्हा पहिल्यापासून भरण्याची. ही आवड पुस्तकावरून कळत नाही. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात, निवडीचा अर्ज भरण्यापूर्वी, विभागांनी तिसऱ्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका आणि प्रयोगांच्या वह्या विद्यार्थ्यांपुढे उघड्या ठेवल्या तर माहितीपत्रकांपेक्षा त्यांचा उपयोग अधिक होईल. खर्चही काही नाही.

पुढील शिक्षणाची दारेही सर्व विषयांना सारखी उघडी नाहीत. आय.आय.टी.च्या एम.एस्सी. प्रवेशासाठी जी सामाईक परीक्षा घेतली जाते तीत सात विषयांच्या प्रश्नपत्रिका आहेत: गणित, गणितीय संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, भूविज्ञान, जैवतंत्रज्ञान आणि अर्थशास्त्र. वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र यांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका तेथे नाही. त्या विद्यार्थ्यांस जैवतंत्रज्ञानाच्या वाटेने जावे लागते, आणि त्या वाटेवर रसायन, भौतिकी व गणित यांचे प्रश्न असतात. सुटलेला तिसरा विषय असा पुन्हा भेटतो.

चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करावयाचे असल्यास आयोगाच्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के गुणांची अट आहे. त्या सहांत पहिल्या वर्षाची दोन्ही सत्रे येतात, म्हणजे नंतर सोडून दिलेल्या विषयाचे गुणही जमेस धरले जातात. आणि हे विद्यार्थ्यास बहुधा पाचव्या सत्रात कळते.