वाट दिसत नसताना विसंबणे



अनिश्चितता म्हणजे काय, हे आरमोरीकरांना पुस्तकातून शिकवावं लागत नाही. पऱ्हे टाकून झाले आणि पावसाने दडी मारली की घराघरात एकच बोलणं असतं. थांबायचं, की पुन्हा बियाणं आणून आवत्या टाकायचा? बोडीत पाणी किती उरलंय? एखाद्या वर्षी उलट होतं. २०२०च्या ऑगस्टअखेरीस गोसीखुर्दचं पाणी सुटलं आणि वैनगंगा काठच्या धानात शिरली, हे आपण पाहिलं. मोहफुलं वेचायला पहाटे निघणाऱ्या बाईला वाघाची धास्ती असते, तरी ती जाते, कारण त्या दोन-तीन आठवड्यांवर घरचा बराच खर्च चालतो. अशा वेळी आपण गुडघे टेकतो आणि म्हणतो, “प्रभू, मार्ग दाखव.”

ही प्रार्थना आपण रोज करतो. तिचा अर्थ काय, एवढाच आजचा विषय आहे.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना एक सवय लावत असू. उत्तर शोधण्याआधी प्रश्न नीट मांडा. “मार्ग दाखव” या दोन शब्दांत दोन निरनिराळ्या मागण्या दडलेल्या असतात. एक मागणी अशी : पुढे काय होणार ते मला आत्ताच कळू दे. दुसरी अशी : पुढे काहीही होवो, मला योग्य पाऊल टाकायला शिकव आणि सोबत राहा. पहिलीत आपण माहिती मागतो, दुसरीत वाटाड्या मागतो. अनोळखी जंगलात वाटाड्याबरोबर चालणाऱ्या माणसाला पुढचं वळण ठाऊक नसतं. वळण त्या वाटाड्याला ठाऊक आहे, एवढ्यावर तो चालतो. यालाच आपण विसंबणे म्हणतो.

आता पवित्र शास्त्रातलं एक उदाहरण पाहू. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. पौल, सीला आणि तीमथ्य यांना आसिया प्रांतात वचन सांगायचं होतं. पवित्र आत्म्याने त्यांना अडवलं. मग बिथुनियाकडे जायचं ठरवलं, तिथेही मज्जाव. का, याचं कारण त्यांना सांगितलं गेलं नाही. दोन्हीकडची दारं बंद झालेली ही माणसं समुद्रकाठच्या त्रोवसला पोहोचली. तिथे पौलाला रात्री दृष्टान्त झाला. मासेदोनियाचा एक माणूस उभा राहून मदतीला बोलावत होता.

इथून पुढचं बारकाईने वाचा. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण निष्कर्ष सगळ्यांनी मिळून काढला. ‘आम्ही’ हा शब्द या पुस्तकाच्या कथनात नेमका इथे प्रथम येतो. म्हणजे दर्शन झालेल्या माणसानेही ते सोबत्यांपुढे ठेवलं, आणि मागचे दोन अडथळे व हा दृष्टान्त जुळवून सर्वांनी अर्थ लावला. मग ते फिलिप्पैला गेले. दृष्टान्तात पुरुष होता. तिथे शब्बाथ दिवशी भेटल्या त्या नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या स्त्रिया. त्यांच्यातली लुदिया पहिली शिष्या झाली, आणि ती होती थुवतीराची, म्हणजे ज्या आसिया प्रांतात पौलाला जाऊ दिलं नव्हतं तिथलीच. पुढे काही दिवसांत पौल आणि सीला यांना फटके बसले आणि ते तुरुंगात पडले.

यातून आपल्याला काय दिसतं? मार्गदर्शन बरोबर होतं, तरी वाट तुरुंगातून गेली. त्रोवसमध्ये जे चित्र दिसलं, तसं हुबेहूब पुढे घडलं नाही. म्हणून परिणाम चांगला झाला तर देवाने चालवलं आणि वाईट झाला तर आपला विश्वास कमी पडला, हा हिशेब शास्त्राला धरून नाही.

हे आम्ही इथे मुद्दाम सांगतो आहोत. या भागात वाघाच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत. सीटी-१ नावाचा वाघ २०२२च्या ऑक्टोबरात वडसा वनविभागात पकडला जाईपर्यंत किती घरांवर दुःख कोसळलं! अशा घरी सांत्वनाला जाऊन कुणी “प्रार्थनेत कुठे तरी उणीव राहिली असेल” म्हणतो, तेव्हा तो ईयोबाच्या मित्रांचं काम करत असतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, हा प्रश्न प्रभू येशूने स्वतः उपस्थित केला आणि ‘नाही’ असं स्वच्छ उत्तर दिलं. त्या उत्तराच्या पुढे जायचा अधिकार आपल्याला नाही.

आपल्या जिल्ह्याशी संबंध असलेला एक माणूस इथे आठवतो. पंडित नीलकंठशास्त्री गोरे. काशीत स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यातले, न्याय आणि वेदान्त कोळून प्यालेले. ख्रिस्ती मताचं खंडन करायला म्हणून ते निघाले आणि १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. १८५३ साली मुलगी झाली, पण थोड्याच काळात पत्नी वारली. तान्ह्या मुलीला दुसऱ्या कुटुंबाच्या हाती सोपवावं लागलं. १८६० साली त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिलं. पुढे, १८७०च्या दशकात, ते चांद्याला स्कॉटिश एपिस्कोपल मिशनच्या कामावर होते. आरमोरी तेव्हा चांदा जिल्ह्यातच होतं. गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ मध्ये.

एवढा मोठा तार्किक, पण शंकांनी त्याची पाठ आयुष्यभर सोडली नाही. आपला निर्णय बरोबर का, हा प्रश्न त्यांना पुन्हा पुन्हा छळत असे. तरी ते शिकवत राहिले, लिहीत राहिले. पंडिता रमाबाईंच्या शंकांना त्यांनी सविस्तर पत्र लिहून उत्तर दिलं आणि रमाबाईंनी ते ऋण मानलं. ज्याचं स्वतःचं मन पूर्ण शांत नव्हतं, त्याच्या हातून दुसऱ्याला वाट मिळाली. भरवसा आणि निःशंकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं चरित्र आमच्या डोळ्यांसमोर नाही. आणि ती मुलगी? एलन लक्ष्मी गोरे. इंग्लंडात वाढली, भारतात परत येऊन सेवा केली, आणि देवाच्या सान्निध्यातल्या आसऱ्यावर तिने इंग्रजीत लिहिलेलं गीत जगभरच्या मंडळ्यांनी गायिलं.

रमाबाईंचंही पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना सोबत घेऊन गेल्या. अमेरिकेतल्या संस्थेने मदतीचं वचन दहा वर्षांपुरतं दिलं होतं आणि ती मुदत संपत आली होती. स्वतःचे आईवडील त्यांनी दुष्काळातच गमावले होते. भूक म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. मुलींना घेण्यापूर्वी त्यांनी आकाशातून पावती मागितली नाही. समोरची गरज हीच आज्ञा मानली. पण त्याच रमाबाईंनी केडगावला आधीच जमीन घेऊन फळझाडं लावली होती, विहिरी खोदल्या होत्या. प्रार्थना आणि विहीर यांत त्यांना विरोध दिसला नाही.

आता आपल्या घरात या. समजा, मंडळीतल्या दोन तरुणांचं लग्न ठरतं आहे. कुणी म्हणतं, “देवानेच जोडी जुळवलीय, रक्ततपासणी कशाला?” आपल्या भागात सिकलसेल पुष्कळ आढळतो. वाहक माणूस सहसा धडधाकट असतो, त्याला पत्ताही नसतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. साध्या रक्ततपासणीने हे आधी कळतं. ती टाळणं म्हणजे विश्वास का? मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देव झेलेल, असं सैतान म्हणाला तेव्हा प्रभूने नकार दिला. जे कळू शकतं ते कळून घ्यायला देवाने बुद्धी दिली आहे. तपासणीचा कागद निर्णय देणार नाही. तो त्या दोघांना, आईवडिलांसह, पाळकांसह, डॉक्टरांसह प्रार्थनापूर्वक घ्यावा लागेल. पण तो डोळे उघडे ठेवून घेतलेला असेल.

कुणी विचारेल, सगळं आपणच करायचं तर देवावर सोपवलं काय? जे आपल्या हाती कधीच नव्हतं ते. पाऊस, पूर, दुसऱ्याचं मन, उद्याचा दिवस. आणि आपल्या चुकाही. आपल्या एका चुकीच्या वळणाने देवाची योजना कायमची बिघडते, ही भीती मनातून काढून टाका. देव तेवढा दुबळा नाही. योसेफाच्या भावांनी वाईटच केलं होतं, तरी देवाने त्यातून पुष्कळांचा जीव वाचवला.

तेव्हा निर्णयाच्या वेळी चार प्रश्न विचारत जा. यात सरळ आज्ञेचा भंग तर होत नाही ना? कळण्यासारखं सगळं कळून घेतलं का? अनुभवी, देवभीरू माणसांसमोर हे मांडलं का, की एकट्यानेच ‘मला देव बोलला’ म्हणून दार लावून घेतलं? आणि या निर्णयाचा भार घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसावर तर पडत नाही ना? एवढं करून उत्तर लख्ख दिसलं नाही तरी घाबरू नका. हातातलं आजचं काम करा. पऱ्ह्यांना जमेल तेवढं पाणी द्या, शेजाऱ्याच्या बांधीवर मदतीला जा, लेकरांना जवळ घेऊन प्रार्थना करा. उद्याची काळजी उद्यावर सोडायला प्रभूने सांगितलंय, आणि ते त्याने अशाच उद्याची खात्री नसलेल्या गरीब माणसांना सांगितलं होतं.